हर्रास आणि जुनी चीजवस्तू

पुण्यामुंबईकडे ज्याला लिलाव म्हणतात, त्याला मराठवाड्यातील जुनी माणसे हर्रास म्हणतात. लिलाव हा शब्द पोर्तुगीजांच्या गलबतांबरोबर कोकणपट्टीवर उतरला. हर्रास मुळात अरबी, तो दक्षिणेतील मुसलमानी अमलाबरोबर हैदराबादेकडून आला. शब्द दोन दिशांनी आले, व्यवहार मात्र एकच. वस्तू मध्ये मांडावी, चारचौघांनी सवाल घालावेत, आणि ज्याचा सवाल शेवटचा त्याची ती वस्तू व्हावी.

लातूरच्या आडत बाजारात हा व्यवहार धान्याच्या राशीवर होतो, आणि तो तेथील पोरासोरांच्याही ओळखीचा आहे. व्यापारी मूठभर तूर हातात घेतो, दाणा पाहतो, ओल पाहतो, काडीकचऱ्याचा अंदाज घेतो आणि भाव बोलतो. ती तूर कोणाच्या रानात पिकली, त्या रानाचा पूर्वीचा मालक कोण, हे विचारण्याचे त्याला प्रयोजन नाही. जुन्या वस्तूंचा, जवाहिराचा आणि कलाकुसरीच्या जिनसांचा जो लिलाव लंडन, न्यूयॉर्क अथवा अलीकडे मुंबईत होतो, तेथे नेमका हाच प्रश्न प्रथम विचारला जातो. वस्तू कोणाची होती? कोणत्या घरातून निघाली? मध्यंतरी कोणाकोणाच्या हातून गेली? ह्या प्रश्नांना जिच्याजवळ उत्तरे असतील तिचा सवाल चढतो. जिच्याजवळ नसतील ती कितीही देखणी असली तरी मागे राहते. तेव्हा अशा लिलावात वस्तूबरोबर तिची साक्षही विकली जाते, आणि पुष्कळदा साक्षीचीच किंमत अधिक होते, असे म्हणावयास हरकत नाही.

ह्याचे ताजे उदाहरण महाराष्ट्राच्या चांगल्या स्मरणात असेल. २०२५ सालच्या एप्रिल महिन्यात लंडनच्या सदबी ह्या पेढीने एक तलवार लिलावास काढली. पाते युरोपातून आलेले, मूठ ह्या देशातील. अशा तलवारीला मराठे फिरंग म्हणत. तशा फिरंगी तलवारी जगाच्या संग्रहांत शेकड्यांनी सापडतील. पण ह्या पात्यावर देवनागरी अक्षरांत सोन्याने श्रीमंत रघोजी भोसले सेनासाहेबसुभा असे नाव घातलेले होते. नागपूरच्या भोसल्यांच्या राज्याचा पाया घालणारे, बंगाल व ओरिसा ह्या प्रांतांवर मराठ्यांचा धाक बसविणारे पहिले रघूजी ते हेच. नावाची एक ओळ नसती तर ही तलवार कोणा हौशी माणसाच्या दिवाणखान्यात निमूट गेली असती. नाव होते म्हणून महाराष्ट्र सरकारने मध्यस्थामार्फत सवाल घातला, आणि पेढीची अडत धरून ३८,१०० पौंडांना ती तलवार विकली गेली. आणण्याचा व विम्याचा खर्च धरता हा आकडा सुमारे ४७ लाख रुपये होतो. त्याच वर्षी १८ ऑगस्ट रोजी ती मुंबईस पोहोचली.

ही तलवार नागपुराहून विलायतेस नेमकी कोणत्या वाटेने गेली, ह्याविषयी तर्क पुष्कळ झाले. १८१७ साली सीताबर्डीची लढाई झाली, त्यानंतर इंग्रजांनी जे नेले त्यात ती असावी हा एक तर्क. परंतु नागपूरकरांच्या काळजास लागलेला लिलाव त्यानंतरचा आहे. १८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघूजी निपुत्रिक वारले. डलहौसीने दत्तक नामंजूर करून राज्य खालसा केले आणि राजवाड्यातील चीजवस्तूंची विक्री काढली. हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीस विकले गेले. जवाहीर कलकत्त्यास हॅमिल्टन कंपनीच्या पेढीवर गेले आणि वर्तमानपत्रांतून जाहिरात देऊन विकले गेले. राण्या वाड्यात जिवंत असताना त्यांच्या अंगावरच्या आणि भांडारातल्या वस्तूंचा असा जाहीर पुकारा व्हावा, ही गोष्ट त्या काळच्या कित्येक इंग्रजांनाही रुचली नाही. त्या दिवशी जे विकले गेले त्यातील फारच थोड्याचा आज पत्ता लागतो. लिलावात माल विकला गेला आणि साक्ष तेथेच सांडली. घेणाऱ्याने हिरे उचकटून नव्या कोंदणात बसविले की तो दागिना नागपूरकर भोसल्यांचा होता, हे सांगणारे काहीच मागे उरत नाही.

हिऱ्यांच्या बाबतीत हे विशेषच घडते. नासिकचा हिरा म्हणून जो जगप्रसिद्ध आहे, तो परंपरेने त्र्यंबकेश्वराच्या देवस्थानचा मानतात. १८१८ साली पेशवाई बुडाली, दुसऱ्या बाजीरावाकडील हा हिरा कंपनी सरकारच्या हाती पडला आणि लंडनला गेला. त्या वेळी त्याचे वजन सुमारे ९० कॅरट होते. घाट मात्र हिंदी. म्हणजे चमकेपेक्षा वजन राखण्याकडे जवाहिऱ्याची दृष्टी. लंडनच्या जवाहिऱ्यांनी तो पुन्हा घासला आणि तो सुमारे ८० कॅरटांवर आला. १८३७ साली तो लंडनला लिलावात वेस्टमिन्स्टरच्या मार्क्विसने ७,२०० पौंडांना घेतला आणि आपल्या तलवारीच्या मुठीत बसविला. पुढे १९२० नंतरच्या दशकात तो अमेरिकेत नेला असता ही प्राचीन कलावस्तू समजून जकातीवाचून सोडावी, की जवाहीर समजून जकात घ्यावी, ह्यावर तेथे खटला चालला. खटल्यातले युक्तिवाद कसेही असोत, प्रश्न मोठा मार्मिक होता. ज्या हिऱ्याचा मूळ घाटच राहिला नाही, त्याचे प्राचीनत्व राहिले कोठे? १९४० साली न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टन ह्या जवाहिऱ्याने तो आणखी घासून सुमारे ४३ कॅरटांचा केला. १९७० च्या लिलावात त्याला ५ लाख डॉलर आले. दर वेळी चकाकी वाढत गेली, आणि त्र्यंबकेश्वराचे म्हणावे असे त्यात नावावाचून काही उरले नाही.

नांदेड आणि लातूर ह्या भागाला जो राजखजिना खरोखर जवळचा, तो मात्र नागपूरचाही नव्हे आणि पुण्याचाही नव्हे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या राज्यात होता; ह्याच काळ्या जमिनीचा सारा हैदराबादच्या खजिन्यात जात होता. सातवे निजाम मीर उस्मान अली खान ह्यांनी १९५१ व १९५२ साली आपले निवडक जवाहीर दोन न्यासांच्या हवाली केले. त्यांच्या मरणोत्तर विश्वस्तांनी ते विक्रीस काढले तेव्हा जगातील बडे बडे सवाल घालण्यास पुढे आले. विक्रीला न्यायालयाची मनाई झाली, प्रकरण लवादाकडे गेले, वर्षांमागून वर्षे लोटली. अखेर १९९५ साली भारत सरकारने १७३ नगांचा हा संग्रह २१८ कोटी रुपयांस घेतला. पिढ्यान् पिढ्या मिळून जमलेले एक राजघराण्याचे जवाहीर बहुतांशी एकत्र राहिले, फुटले नाही, नव्या कोंदणात गेले नाही, हा त्यातला खरा लाभ होय. त्यातील जेकब हिरा १८४.७५ कॅरटांचा. सहाव्या निजामांनी १८९१ साली जेकब नावाच्या व्यापाऱ्याकडून तो घेण्याचे ठरविले, त्यातून कलकत्त्याच्या न्यायालयात खटला झाला, आणि हिऱ्याचा त्यांना इतका वीट आला की तो जोड्यात पडून राहिला. मुलाला तो पुढे जोड्याच्या टोकात सापडला, आणि त्याने त्याचा उपयोग कागदांवर ठेवण्याच्या वजनासारखा केला! ह्या गोष्टीवाचून तो हिरा निव्वळ एक पांढरा खडा होय. गोष्टीसकट तो हैदराबादचा इतिहास आहे.

परंतु जवाहीर ही राजेरजवाड्यांची बाब. सामान्य सुखवस्तू घराचा संबंध येतो तो दुसऱ्याच एका कलेशी, आणि ती कला लातूरच्या अगदी शेजारची आहे. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होते. सरकारी कामासाठी लोक बीदरलाच जात. तेव्हा बीदरची बिदरी भांडी ह्या बाजूच्या देशमुख-देशपांड्यांच्या वाड्यांत आणि जहागीरदारांच्या हवेल्यांत आली ह्यात नवल नाही. हुक्क्याचे बुड, पानदान, पिकदाणी, सुरई, अत्तरदाणी, बिछायतीचे कोपरे दाबून ठेवण्याची वजने, असे तिचे नाना प्रकार.

बिदरी होते कशी हे थोडे सांगण्यासारखे आहे. जस्त पुष्कळ आणि तांबे थोडे असा मिश्र धातू रेतीच्या साच्यात ओततात. कानशीने घासून तो गुळगुळीत केला की त्यावर मोरचुदाचे पाणी चोळतात, म्हणजे पृष्ठभाग तात्पुरता काळा पडतो आणि टोकदार लेखणीने काढलेली वेलबुट्टी पांढरी उमटून दिसते. त्या रेघा छिन्नीने खोदून त्यांत चांदीची तार अथवा पत्रा ठोकून बसवितात. पुन्हा घासले की सारेच भांडे पांढरे दिसू लागते. नक्षी जणू नाहीशी झाली! मग येते बीदरच्या जुन्या किल्ल्यातील माती. ती नवसागरात कालवून गरम केलेल्या भांड्यावर चोळली की धातू काळाकुट्ट होतो, चांदीला मात्र त्या काळेपणाचा स्पर्शही होत नाही, आणि अमावास्येच्या रात्री नक्षत्रे निघावीत तशी नक्षी वर येते. तार बसविली तर तारकशी. सारी भूमी चांदीची आणि नक्षीच तेवढी काळी ठेवली तर आफताबी, अशी कामाची नावे कारागिरांत चालत आली आहेत.

१८५१ साली लंडनला जे जगप्रसिद्ध प्रदर्शन भरले, त्यात ही भांडी मांडली होती. तेव्हापासून विलायतेतील संग्राहकांची दृष्टी बिदरीवर आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयात तिचे उत्तम नमुने आहेत. तेथील जाणते बिदरीचे वय घाटावरून ताडतात. हुक्क्याचे बुड नारळासारखे गोल असून कड्यावर ठेवावे लागत असेल तर ते जुने, सतराव्या शतकाकडचे अथवा अठराव्याच्या पूर्वार्धातले. घंटेच्या आकाराचे, आपल्या बुडावर आपण उभे राहणारे असेल तर बहुधा त्यानंतरचे. पोस्ताच्या रोपांची, लिलीच्या फुलांची एकेक सुटी झाडे मोकळ्या भूमीवर उभी असतील तर मोगली रुचीचा तो चांगला काळ. सारा पृष्ठभाग बारीक नक्षीने गच्च भरून गेला असेल तर काम बहुशः अलीकडचे. अर्थात हे नियम ढोबळ आहेत. लखनौ, मुर्शिदाबाद, पूर्णिया येथेही बिदरी होत असे, आणि नव्याला जुने भासविणारे कसबी लोक सर्वत्र आहेत. नांदेडकरांना अस्सल माल डोळ्यांखालून घालावयाचा असेल तर हैदराबादचे सालारजंग संग्रहालय आगगाडीच्या एका प्रवासावर आहे. खरेदीपूर्वी तेथे काढलेला एक दिवस कोणत्याही दलालाच्या सल्ल्याहून अधिक उपयोगी पडेल.

आता आपल्या घरांत ह्या वस्तूंचे काय होते ते पाहा. काळे पडलेले भांडे म्हणजे मळलेले भांडे, ह्या समजुतीने ते चिंच आणि राख लावून घासले जाते. दोन-चार दिवाळ्या अशा गेल्या की काळी भूमी करडी होते आणि शतकाची शोभा मोरीतून वाहून जाते. तेलाचा हात देऊन मऊ फडक्याने पुसणे एवढीच त्याची निगा. त्यातही कमनशिबी भांडे मोडीवाल्याकडे जाते. तेथे जस्ताचा भाव, तोही चांदीची नक्षी अडचणीची म्हणून कमी करून! दागिन्यांचीही हीच गत. नांदेडच्या जुन्या सराफ्यात काय अथवा लातूरच्या गंजगोलाईत काय, बोरमाळ, वजरटीक, एकदाणी, गोठ, पुतळ्यांची माळ मोडावयास नेली की आतील लाख वजा, घट वजा, आणि उरले तेवढे सोने काट्यावर. सराफ ह्यात लबाडी करतो असे नव्हे. तो धातूचा व्यापारी आहे आणि धातूचा भाव देतो. दोष असेल तर तो त्याच्यापुढे वस्तू एवढीच मांडून साक्ष घरी विसरून येणाऱ्याचा. जाणता संग्राहक जुना जडावाचा दागिना हाती घेतो तेव्हा प्रथम पालथा करून पाहतो. पुढच्या बाजूचे खडे कोणीही बदलू शकतो. पाठीमागचे मिन्याचे काम, कुंदनाचा दाब, सोन्याची झीज, ही मात्र कारागिराच्या आणि काळाच्या हातची असतात.

लिलावात खरेदी करू इच्छिणाऱ्याने काही गोष्टी आधीच जाणून घ्याव्यात. पेढी विक्रीपूर्वी छापील यादी काढते. तीत प्रत्येक नगाचे वर्णन, अजमासे किंमत आणि पूर्वीच्या मालकांची परंपरा दिलेली असते. वर्णनातील शब्द पारखून घ्यावेत. अमक्या काळातील असे म्हणणे वेगळे, आणि अमक्या धर्तीचे असे म्हणणे वेगळे. दुसऱ्या शब्दांत पेढीने आपली मान मोकळी करून घेतलेली असते. विकणाऱ्याने खालची मर्यादा गुप्त ठेवलेली असते, तीपर्यंत सवाल न आल्यास नग परत जातो. आणि हातोडा पडला तो आकडा अखेरचा समजू नये. १९७५ पासून लंडनच्या दोन्ही मोठ्या पेढ्या घेणाऱ्याकडूनही अडत घेतात, आणि आज ती सामान्य नगावर साधारण चौथ्या हिश्श्याच्या घरात जाते. तेव्हा आपला शेवटचा सवाल घरी बसून, अडत धरून, कागदावर लिहून न्यावा. सभागृहात शेजारच्याने हात वर केला की शहाण्यांचाही हात आपोआप वर जातो.

ह्या देशातील कायदाही ध्यानी घेतला पाहिजे. १९७२ साली संमत होऊन ५ एप्रिल १९७६ पासून अमलात आलेल्या कायद्यान्वये शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू ही पुरावस्तू ठरते. ऐतिहासिक मोलाच्या हस्तलिखितांना पंचाहत्तर वर्षांची मर्यादा आहे. खासगी माणसाला ती परदेशी पाठविता येत नाही, आणि परवान्यावाचून तिचा व्यापार करता येत नाही. मूर्ती, चित्रे, सचित्र पोथ्या अशा काही वर्गांची नोंदणी सरकारात करावी लागते. घरात ठेवण्यास, वारसाने देण्यास मात्र कोणाचीही मनाई नाही. पुष्कळ लोक ह्या कायद्याच्या अर्धवट ऐकीव भीतीने वस्तू गुपचूप मोडून टाकतात, हा केवढा विपर्यास!

काही वस्तू लिलावाच्या चौकटीबाहेरच्या आहेत हेही सांगितले पाहिजे. नांदेडच्या हुजूर साहिबात गुरू गोविंदसिंहांची शस्त्रे आहेत. १७०८ साली गुरूंनी तेथेच देह ठेवला. भाविकांना त्या शस्त्रांचे दर्शन घडते. त्यांना बाजारात मोल नाही, कारण ती बाजारात कधी आलीच नाहीत. २००८ साली लंडनला चिलखताची एक पट्टी लिलावास निघाली, आणि ती गुरूंचीच असावी अशी बातमी पसरली. शीख समाजात खळबळ उडाली, आणि सदबी पेढीने तो नग विक्रीतून मागे घेतला. पट्टी गुरूंची होती की नव्हती हे पेढीला सिद्ध करता येत नव्हते. संशयाची साक्षसुद्धा केवढी बलवान असते ते ह्यावरून दिसते.

लिलावाचे तोंडही न पाहता थोर संग्रह करणारा एक गृहस्थ ह्याच मुलखात होऊन गेला. धाराशिव जिल्ह्यातील तेर म्हणजे प्राचीन तगर. तेथील रामलिंगप्पा लामतुरे ह्यांनी तेरणाकाठच्या पांढरीत पावसाने उघड्या पडणाऱ्या मृण्मूर्ती, मणी, शंखाच्या बांगड्या, नाणी हजारोंनी वेचून जपली. आज त्यांच्या नावाचे सरकारी संग्रहालय तेरला उभे आहे. तेथील हस्तिदंती स्त्रीमूर्तीची तुलना विद्वान लोक इटलीतील पाँपेई येथे सापडलेल्या मूर्तीशी करतात. हा मणी कोठला, असे विचारता तेरचा, एवढे उत्तर ह्या संग्रहात नेहमी मिळते, आणि न्यूयॉर्कच्या कित्येक यादीत ते मिळत नाही.

आपल्या फडताळातील वस्तूचे उत्तर बहुधा त्याच घरातील एखाद्या दप्तरात असते. मोडीत लिहिलेली लग्नातील दागिन्यांची यादी, गहाणखत, सराफाची पावती, वाटणीपत्र. वाचता येत नाही म्हणून हे कागद रद्दीत जातात. मोडी वाचणारे लोक अजून आहेत, उर्दू वाचणारे तर नांदेडात पुष्कळ आहेत. ज्या पावतीवर रक्कम हाली रुपयांत मांडली असेल ती निजामी नाण्याच्या काळातली. तिच्यावर सन बहुधा फसली असतो. त्यात ५९० मिळविले की इसवी सन निघतो. फसली १३४६ असे लिहिलेले दिसले तर ती पावती १९३६-३७ सालची समजावी. असा कागद सापडल्यास त्याची छायाप्रत घ्यावी, कोणत्या वस्तूचा तो आहे ते मागील बाजूस पेन्सिलीने लिहावे, आणि मूळ कागद ज्या डब्यात ती वस्तू आहे त्याच डब्यात ठेवावा.